चौथा फोटो

"एवढा फोटो उतरवू नका इतक्यात," बाई म्हणाल्या.

फोटोग्राफर स्टुलावर उभा होता. प्रदर्शनाचा शेवटचा दिवस. चारला हॉल रिकामा करून द्यायचा होता आणि निम्म्या भिंतींवर आता नुसते खिळे उरले होते. बाईंच्या मागे त्यांची मुलगी उभी होती, दोघींच्या पर्स सांभाळत.

फोटोत गल्लीतली एक उंच भिंत होती, भिंतीवर उन्हाची अरुंद पट्टी, आणि त्या पट्टीतून चाललेला एक पाठमोरा माणूस. पेपरात छापून आला होता तो फोटो हाच.

"माझा मुलगा आहे हा. चार वर्षं झाली घरातून गेला त्याला."

"आई, पाठ आहे ती," मुलगी म्हणाली. "पाठ काय, कुणाचीही असते."

"तू नको सांगूस मला. दहा वर्षांचा होईस्तोवर साबण लावलाय मी त्या पाठीला." बाईंनी काचेला बोट न लावता दाखवलं. "डावा खांदा बघा, दादा. कसा उतरलाय. शाळेत बोलणी खायचा त्यावरून. कधी काढलात हा?"

"मार्चमध्ये. बसस्टँडच्या मागे."

"ह्या मार्चमध्ये?" मुलीनेच विचारलं. मग ती पुढे आली आणि पहिल्यांदाच फोटोकडे नीट बघायला लागली.

"तुम्ही एकच तर काढला नसेल ना?" बाई म्हणाल्या. "कुठेतरी तो वळला असेल, तोंड दिसलं असेल. तेवढं दाखवा मला. तो नसेल तर नसेल. मी निमूट घरी जाईन."

फोटोग्राफर स्टुलावरून खाली उतरला. कुणीतरी उन्हात येईल म्हणून त्या दिवशी तो दीड तास भिंतीसमोर उभा होता. माणूस आला. तीन फोटो मनासारखे मिळाले. चौथ्याला माणूस वळला आणि त्याने थेट कॅमेऱ्यात बघितलं. कॅमेऱ्यात बघितलं की फोटो वाया, हे तो शिकायला येणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगत असे. छोट्या स्क्रीनवर चेहरा नखाएवढा होता. नजर आपल्याकडे आहे, एवढंच त्याने पाहिलं आणि उभ्या उभ्या फोटो पुसून टाकला.

"वळला होता," तो म्हणाला. "पण तो फोटो मी ठेवला नाही."

"का? हलला होता का?"

"नाही." त्याने स्टूल बाजूला सरकवलं. "माझ्याकडे बघत होता तो."

"मग?" मुलगी म्हणाली. "फोटोत माणसं बघतातच की!"

बाईंनी तिच्या दंडावर हात ठेवला. "असू दे. फोटो नाही तर नाही. तुम्ही तर होतात ना तिथे, दादा? तुम्हीच सांगा. कसा दिसत होता?"

रस्त्यावर फोटो काढताना कुणी वळलं, तर त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. त्याच्या खांद्यावरून मागे बघत राहायचं, जणू आपल्याला मागचंच काही टिपायचंय. माणूस आपला निघून जातो. वीस वर्षांत हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. त्या दिवशी माणसाच्या मागे एक फाटकी जाहिरात होती. तिचं अक्षर न् अक्षर त्याला आता आठवत होतं.

आईच्या पाठीमागून मुलीने त्याच्याकडे बघून हळूच मान हलवली. सांगा काहीतरी, अशी.

"बरा दिसत होता, मावशी," तो म्हणाला. "तब्येत चांगली होती."

"हो?" बाई एक पाऊल पुढे आल्या. "दाढी ठेवली होती?"

फोटोग्राफर त्यांच्या खांद्यावरून मागच्या भिंतीवरच्या खिळ्यांकडे बघायला लागला.

"नाही, इतक्या वर्षांत ठेवली असेल म्हणून विचारते. आणि केस? केस पांढरे झालेत का हो त्याचे?"

हॉलचा शिपाई दारात येऊन किल्ल्या वाजवून गेला.

बाईंनी दोन्ही हातांनी फ्रेम खिळ्यावरून काढली. त्या पाठीकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी फ्रेम सावकाश उलटी केली.

मागे पुठ्ठा होता, आणि पेन्सिलने घातलेला नंबर.