टेबल क्रमांक तीनच्या वरचा पत्रा

मावशीला शेवटी आभाळ मिळालं नाही. पण हे वाक्य आपण वाचलंच नाही असं धरू, कारण अजून काहीच ठरलेलं नाही आणि मावशी भलतीच आशेत आहे.

छत्र्यांच्या त्या कारखान्याला खिडकी नव्हती. त्यामुळे बाहेरचं हवामान मॅनेजर रोज जेवणाच्या सुट्टीआधी स्पीकरवरून सांगायचे. आजही सांगितलं, "बाहेर ऊन आहे. अफवांवर विश्वास ठेवू नये."

"परवाही ऊनच म्हणाले होते," मावशी म्हणाली. "घरी पोचले तेव्हा चपलांतून पाणी निघालं. छत्र्यांच्या कारखान्यातून भिजत येणारी बाई म्हणून गल्लीत नाव झालंय माझं."

हे ती भाचीला सांगत होती. भाची छताचे तपशील लिहायला आली होती. लोखंडी छतात मधून मधून प्लास्टिकचे पत्रे बसवायचे, म्हणजे उजेड वरून येईल. कुठला पत्रा, किती जाड, कुणाच्या डोक्यावर, हे भाचीने लिहायचं आणि कंत्राटदाराने निमूटपणे बसवायचं. नमुने दोन होते. एक पारदर्शक, एक दुधी.

मॅनेजरांनी दोन्ही नमुने आळीपाळीने ट्यूबलाइटसमोर धरले. बराच वेळ धरले.

"उजेड दोन्हींतून ट्यूबलाइटचाच येतो," त्यांनी निकाल दिला.

"सर, छतावर ट्यूबलाइट नसेल. सूर्य असेल."

"हां, तेही आहे," मॅनेजर म्हणाले आणि सूर्याची नोंद घेतल्यासारखी मान हलवली.

मावशीने तोवर पारदर्शक तुकडा हातात घट्ट धरला होता. "माझ्या टेबलावर हा लाव."

टेबल क्रमांक तीनवर ती छत्र्या तपासायची. छत्री उघडायची, डोक्यावर धरायची, कापडाला भोक आहे का बघायचं, मिटायची, पुढची घ्यायची. दिवसभर वर बघणारी बाई, आणि वर कायम काळं कापड.

"मावशी, तो नाही लावता येणार."

"का? लिहिणारी तूच ना?"

"ऊन थेट येईल. छत्री बाजूला झाली की सरळ डोळ्यात. आत्ताच ऑपरेशन झालंय तुझ्या डोळ्याचं. डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, आता स्वच्छ दिसेल. काय दिसेल ते नाही म्हणाले."

भाचीने दुधी तुकडा पुढे केला.

"दुधीतून उजेड सगळीकडे सारखा पडतो," ती म्हणाली. "भोकं पटकन सापडतील."

"भोकं मला अंधारातही सापडतात. आभाळ दिसेल का?"

"नाही."

"निदान ढग?"

"नाही गं."

"म्हणजे पुन्हा मॅनेजरच."

मॅनेजरांना हे लागलं. "मी रोज स्वतः बाहेर जाऊन बघतो," ते हळूच म्हणाले. "परवा मीपण भिजलोय."

कंत्राटदाराने सायकल स्टँडवर छत म्हणून दुधी प्लास्टिकचा एक मोठा पत्रा चाचणीसाठी टाकून ठेवला होता. तिघं जाऊन त्याखाली उभी राहिली. उजेड खरंच छान होता, मऊ, डोळ्यांना न टोचणारा. मॅनेजर त्यात नुकते आजारातून उठल्यासारखे दिसत होते.

मावशीने वर बघितलं. पांढरं. सवयीने भोक शोधलं. नव्हतं.

"चांगला आहे," ती म्हणाली. पाहुणे बेचव भाजीला म्हणतात तसं.

तेवढ्यात वर टक् वाजलं आणि पत्र्यावर दोन छोटे काळे पाय उमटले. कबूतर असावं. अंगाचा नुसता धूसर डाग होता, पाय मात्र नखांसकट स्पष्ट. टक् टक् करत ते चालू लागले.

"अगं, बोटं बघ!" मावशी म्हणाली. "पुढे तीन, मागे एक!"

पाय पत्र्याच्या कडेपर्यंत गेले. मावशी खालून त्यांच्याबरोबर गेली. पाय वळले, मावशी वळली. वाटेत दोन सायकली पडल्या, त्या तिने पडू दिल्या.

"पक्षी बसू नयेत म्हणून वर काटे लावतात ना?" मॅनेजरांनी भाचीला विचारलं. भाचीने ऐकलं नाही. ती मावशीकडे बघत होती.

पाय थांबले. मग एकदम नाहीसे झाले. मावशी कोऱ्या पांढऱ्याकडे बघत उभी राहिली.

"उडालं," ती म्हणाली. "म्हणजे वर आहे सगळं."

संध्याकाळी भाचीने तपशील लिहून पूर्ण केले. पत्रा: दुधी, सर्व टेबलांवर. काटे: लावू नयेत. त्याखाली एक शेवटचं कलम होतं:

"टेबल क्रमांक तीनच्या वरील पत्र्यावर, कामाच्या सर्व दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, किमान एक कबूतर चालते ठेवण्याची व्यवस्था कंत्राटदाराने करावी, ही विनंती. कबूतर उपलब्ध नसल्यास समकक्ष दर्जाचा पक्षी, पूर्वपरवानगीने, चालेल."