वाढणारीचं ताट
रेमेदियोसची खानावळ बंद पडली आणि एलादियोची न् माझी दुपार पोरकी झाली. आम्ही दोघे निवृत्त बसचालक, दोघेही एकटे. वर्षानुवर्षं तिच्याच हातचं जेवलेलो. आता आमच्या सारागोसा शहराच्या चौकात हॉटेलांबाहेर जिकडेतिकडे जेवणाचे रंगीत फोटो आणि लग्नाच्या मेजवानीसारखे दर. "फोटो बघूनच पोट भरायचं का रे?" एलादियो कुरकुरला. तेवढ्यात रंगाऱ्यांचा घोळका मागच्या गल्लीत वळताना दिसला. "यांच्या मागे चल," मी म्हणालो, "राबणारा माणूस महागडं खात नाही." त्यांच्यामागून आम्ही एका बिनपाटीच्या खानावळीत शिरलो. जागा एकाच टेबलावर होती आणि तिथे साक्षात रेमेदियोस बसली होती. चोरी पकडल्यासारखी ती लाजली. "तू इथे? अगं, तुला कशाला खानावळ लागते?" एलादियोने विचारलं. "एकटीसाठी रांधायला हातच उठत नाही रे. इतके दिवस नुसता पाव चावत होते," ती म्हणाली. आम्ही तिच्याजवळ बसलो. मालकिणीने मसुराच्या आमटीची वाफाळती बशी तिच्यापुढे ठेवली. सवयीने रेमेदियोसने ती उचलून एलादियोपुढे सरकवली. त्याने ती हळूच परत ढकलली. "आज आधी तू." तिने घास घेतला. "मीठ जास्त झालंय," ती पुटपुटली, पण पावाने बशी लख्ख पुसेपर्यंत थांबली नाही. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "उद्या वेळेवर या रे मेल्यांनो. मी जागा धरून ठेवते."