पिवळी वायर

“टेक्निशियन नको बोलवायला, मी बघतो ना,” यश पुन्हा म्हणाला आणि चंद्रशेखरांच्या मनात पाल चुकचुकली.

अमेरिकेतल्या फ्रिस्कोत त्या शनिवारी सकाळी अंगणातलं गवत गोठून पांढरं पडलं होतं. घर गरम ठेवणारा हीट पंप रात्रीतून बंद पडला होता, भिंतीतल्या जाळीतून नुसती गार हवा येत होती, आणि जावईबापू सोफ्यावर बसून कॉफी पीत होते. म्हणे मी बघतो! ज्याला साधा बल्ब बदलायचा तर बायकोला टॉर्च धरून उभं राहावं लागतं, तो काय बघणार, कपाळ?

चंद्रशेखर वीज मंडळातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. बायको, वीणा, गेली तेव्हा लेकीने, देवयानीने, त्यांना नागपूरहून इकडे आणलं. तेव्हापासून ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असत. ताट समोर आलं की चार घास खात, विचारलं तर हो-नाही म्हणत. या घरात आपलं काय काम, हे त्यांना उमगत नव्हतं.

आणि परवाच त्यांनी यशला फोनवर बोलताना ऐकलं होतं. “अजून किती दिवस असे बसून राहणार ते? काहीतरी करायलाच पाहिजे यार.”

ते म्हणजे कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

“अबोलीचं काय? पोर गारठेल,” ते म्हणाले. नात जेमतेम दीड वर्षाची.

“तिच्या खोलीत छोटा हीटर लावलाय, बाबा.”

चंद्रशेखर बघून आले. हीटर नवाकोरा, खोकं अजून कोपऱ्यात पडलेलं.

“हा कधी आणलात?”

“गेल्या आठवड्यात. सेल होता.”

“घर गरम होत असताना?”

यशने कपात पाहिलं. देवयानी पुसलेलाच ओटा पुन्हा पुसायला लागली. पाणी कुठेतरी मुरत होतं. नको झालेल्या म्हाताऱ्याला घालवायला हा माणूस घरच बंद पाडतो की काय? मग उद्या माझ्या लेकीला कशावरून सुखाने नांदवेल? जावई म्हणजे दशमग्रह, असं वीणा हसत म्हणायची. चंद्रशेखरांना आज हसू येत नव्हतं. खरं-खोटं शोधायचं, आणि खरं निघालं तर देवयानीसमोर तोंडावर बोलायचं, मग मिळेल त्या विमानाने नागपूर. लेक म्हणाली तर लेकीला आणि नातीलाही घेऊन.

“स्क्रू ड्रायव्हर आणा,” ते उठत म्हणाले.

तापमान ठरवणारा भिंतीवरचा थर्मोस्टॅट ठीक होता. फिल्टर स्वच्छ होता. गराजमधल्या विजेच्या पॅनेलमध्ये एक ब्रेकर बंद दिसला. कडाक्याच्या थंडीत पंपाला मदत करणाऱ्या आतल्या हीटरचा.

“ट्रिप झाला असेल,” यश म्हणाला.

“ट्रिप झालेला ब्रेकर मध्येच अडकतो. हा कुणीतरी हाताने बंद केलाय.”

“असं असतं का? तुम्हाला बरंच माहितीये हो, बाबा.”

टोमणा! चंद्रशेखरांनी दात आवळले. त्यांनी ब्रेकर चालू केला आणि कानटोपी ओढून घरामागे गेले. पंपाचं बाहेरचं युनिट थंडगार पडलं होतं, पंखाही हलत नव्हता. त्यांनी यशकडून युनिटची वीज तोडून घेतली, स्वतः दोनदा खात्री केली आणि बाजूचं झाकण उघडलं. स्क्रूंवर ताजे ओरखडे होते. आत पिवळी वायर सुटून लोंबत होती. ही वायर म्हणजे थर्मोस्टॅटचा हुकूम, ती नसेल तर युनिट चालूच होत नाही. तिच्या उघड्या टोकाला काळी टेप नीट गुंडाळलेली होती.

बिघाड काही स्वतःला टेप लावून घेत नाही.

“उंदराने ओढली असेल,” यश बुटांकडे बघत म्हणाला.

हो, अमेरिकेतले उंदीर टेपही लावत असतील! चंद्रशेखरांनी टेप सोलून वायर जोडली, स्क्रू आवळले, वीज दिली. थोड्या वेळाने पंखा फिरला. आत जाळीपाशी देवयानीने हात धरला आणि ओरडली, “आली! गरम हवा आली!”

जेवताना त्यांनी यशला फैलावर घेतलं. अहो, घर घेतलंत आणि पॅनेल कधी उघडून पाहिलं नाहीत? झाकण असं उघडतात का, स्क्रूची डोकी खाल्लीत सगळी! यश मान खाली घालून ऐकत होता. चंद्रशेखरांना रागात भूक लागायची. त्यांनी पिठलं मागून घेतलं, मग ताक मागितलं आणि पुन्हा बोलायला लागले. टेप लावलेल्या वायरचं मात्र त्यांनी जेवणानंतरसाठी राखून ठेवलं.

यश आवराआवर करायला गराजमध्ये गेला, पाठोपाठ देवयानी. ते कळताच चंद्रशेखर उठले. आता सोक्षमोक्ष लावायचाच. दोघंही समोर आहेत, बरंच झालं.

गराजचं दार किलकिलं होतं. आत देवयानी रडत होती. म्हणजे हिलाही कळलं तर, त्यांच्या मनात आलं, आणि दार ढकलायला उचललेला हात तसाच राहिला.

“पिठलं मागून घेतलं रे त्यांनी,” देवयानी म्हणत होती. “आई गेल्यापासून पहिल्यांदा काहीतरी मागितलं. आणि किती बोलले!”

“किती बोलले? अगं, मला सोलून काढलं,” यश हसत म्हणाला. “मग उद्या काय बिघडवू? डिशवॉशर?”