बिनसाबणाचे चंबू

मावशींनी काचेचा चंबू उजेडात धरला, नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं.

"हा कुणी धुतला?"

"मीच," संशोधक मुलगी म्हणाली. तिचे डोळे रडून सुजले होते. "तुम्ही रजेवर होतात ना. पंचवीसच्या पंचवीस मी स्वतः घासले. साबण लावून, दोन-दोनदा."

लेकीचं बाळंतपण उरकून प्रयोगशाळेतली भांडी धुणाऱ्या मावशी त्या सकाळीच कामावर परतल्या होत्या. टेबलावर विज्ञानपत्रिकेचं पत्र पडलं होतं. मुलीच्या लेखाचा पहिला परीक्षक खूश होता. दुसऱ्याने मात्र तलवार उपसली होती. हे शेवाळ खाऱ्या पाण्यात जगतं हा दावा चुकीचा आहे, आम्ही दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा मेलं, असं त्याने लिहिलं होतं. त्याचं तोंड बंद करायला मुलीने प्रयोग पुन्हा केला, तर तिच्या हातूनही मेलं. तीन वर्षांची मेहनत पाण्यात गेली होती. पलीकडे तिचे मार्गदर्शक सर लेख मागे घेत असल्याचं पत्र टाइप करत बसले होते. कालपर्यंत ते याच शेवाळावर जगभर भाषणं देत होते.

"शेवाळाच्या चंबूला साबण?" मावशींचा आवाज चढला. "अहो, साध्या पाण्याने चंबू कितीही विसळला तरी साबण काचेला चिकटून राहतो. खाऱ्या पाण्यात आधीच शेवाळाचा जीव मेटाकुटीला आलेला, वर हे! मी एकोणीस वर्षं नुसत्या उकळत्या पाण्याने धुते आणि मग सात वेळा डिस्टिल्ड पाण्याने खळबळते. लेखात लिहिलंय ना तसं?"

मुलगी सरांकडे बघायला लागली. सर छताकडे.

"'स्वच्छ धुतलेले चंबू' असं लिहिलंय," ती हळूच म्हणाली.

"स्वच्छ म्हणजे काय? तुमचं स्वच्छ वेगळं, माझं वेगळं."

सरांनी टाइप केलेलं पत्र पुसून टाकलं. एवढी शिकलेली दोघं, पण चंबू कसे धुतले जातात हे विचारायचं एकालाही सुचलं नव्हतं.

मावशींनी पदर खोचून सगळे चंबू आपल्या रीतीने धुतले आणि मुलीने त्यांत खाऱ्या पाण्यात पुन्हा शेवाळ सोडलं. दहाव्या दिवशी पंचवीसही चंबू हिरवेगार झाले. लेखात मावशींची रीत घालून मुलीने तो पुन्हा धाडला.

दीड महिन्याने उत्तर आलं. मुलीने मावशींचा ओला हात घट्ट धरूनच ते वाचायला घेतलं. दुसऱ्या परीक्षकाने लिहिलं होतं, "या रीतीने चंबू धुऊन प्रयोग पुन्हा केला. शेवाळ जोमात आहे. चूक आमची होती. लेख छापावा. एकच विनंती. ही रीत ज्यांची, त्यांचं नाव लेखकांच्या यादीत असावं."

मुलगी किंचाळलीच. मावशींना मिठी मारून तिने जागच्या जागी दोन गिरक्या घेतल्या. सर खाकरले. "मी तळटीपेत आभार मानणारच होतो," ते म्हणाले. मग त्यांनाच ते बरं वाटलं नाही. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बसा मावशी. पूर्ण नाव सांगा, मी टाइप करतो."

मावशींनी नाव सांगितलं. एकेक अक्षर पडद्यावर उमटताना पाहून त्यांचा ऊर भरून आला, डोळेही. ते त्यांनी लपवले नाहीत.

"तो दुसरा परीक्षक कोण हो?" त्यांनी विचारलं.

"ते कुणालाच सांगत नाहीत, मावशी. नाव गुप्त असतं."

"असू दे." मावशी ताठ बसल्या. "पण पत्रिकेला लिहा, त्याला निरोप द्या म्हणावं. पुढच्या वेळी शेवाळ मेलं, तर खोटं ठरवायच्या आधी मला फोन कर. साडेपाचपर्यंत मी इथेच असते."