बादलीवरची कटिंग

"आता हालू नोको," सुनील म्हणाला आणि त्यानं कात्री उघडली.

मोबाइलमध्ये राजदीप दिसत होता. आयर्लंडमधल्या भाड्याच्या खोलीच्या न्हाणीघरात, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून, उलट्या बादलीवर बसलेला. मागे उभा असलेला सुनील त्याचा रूमपार्टनर, दिग्रसकडच्या तांड्यावरचा. दोघंही तिकडे शिकायला गेलेले. इकडे नेरजवळच्या गावात राजदीपच्या आईनं, कांताबाईनं, मोबाइल ज्वारीच्या डब्याला टेकवून उभा केला होता आणि समोर ती पदर खोचून बसली होती. टीव्हीवर कुणाचं लग्न लागणार असावं, इतकी उत्सुकता.

"उद्या मुलाखत हाये काकू," सुनील सांगत होता. "एका मोठ्या दुकानात. पार्टटाइम. काम भेटलं तं घरभाड्याची चिंता मिटते. पण असं झिपरं पाहून कोण कामावर ठेवन याले?"

"बारीक कर बाप्पा. चांगली बारीक कर."

तेवढ्यात उकंडा शेतातून आला. हातपाय धुऊन, टॉवेलनं तोंड पुसत तो कांताबाईच्या मागे येऊन उभा राहिला. पोराला पाहून हसला आणि लगेच त्याचं हसू गेलं.

"हा काहून बादलीवर बसला?"

"कटिंग करून राह्यलो बाबा."

"जयभीम काका!" सुनील मागून ओरडला.

"जय सेवालाल," उकंडा सुनीलच्या तांड्याचा नमस्कार सवयीनं बोलून गेला, पण त्याची नजर बादलीवरून हलेना.

उकंडाच्या लहानपणी गावातला न्हावी त्यांच्या वस्तीतल्या कुणाच्याही डोक्याला हात लावत नसे. बाप त्याला अंगणात उलट्या टोपल्यावर बसवायचा आणि बोथट कात्रीनं भादरायचा. पुढे धाकट्या भावांची डोकी उकंडानंच केली. पण स्वतःच्या पोराला त्यानं एकदाही घरी बसवलं नाही. राजदीप जरा मान धरून बसायला लागला तसा त्याला एसटीत घालून नेरला नेलं आणि सलूनच्या खुर्चीच्या दोन्ही हातांवर फळी टाकून तिच्यावर बसवलं. त्या दिवशी उकंडा पोराकडे कमी आणि खुर्चीकडेच जास्त बघत होता.

त्यानं डब्याजवळचा मोबाइल उचलला. अगदी तोंडाजवळ धरला. कांताबाईलाही ऐकू येऊ नये इतक्या हळू आवाजात म्हणाला, "बापू, खरं सांग. तिकडचा न्हावी आपल्याले नाही म्हणते का?"

राजदीप इतक्या झटक्यानं वळला की सुनीलची कात्री कानाला लागता लागता राहिली.

"नाही बाबा," तो म्हणाला. मग सावकाश, एकेक शब्द पोचावा असा बोलला. "इथं कोणालेच नाही म्हणत नाही. दारात उभं राह्यलं का बसा म्हणते. वरून सर म्हणते. खुर्ची तं अशी नरम हाये का बसल्या बसल्या झोप लागन. फक्त पैसे लय घेते. तेवढ्यात आमचा आठवड्याचा तांदूळ अन् दूध येते."

"म्हणजे पैशापायीच बसला तू बादलीवर?"

"पैशापायीच."

"दुसरं काही नाही?"

"काहीच नाही बाबा. तुमची शपथ."

उकंडा कांताबाईशेजारी खाली बसला. "मंग काही नाही," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला. "पैशाची अडचण ते काय अडचण हाये? आज हाये, उद्या नाही." गरिबीवर इतका खूश झालेला माणूस कांताबाईनं जन्मात पाहिला नव्हता.

आणि मग त्याच्या अंगात उत्साहच संचारला. "अन् तू रे सुनील, कात्री अशी धरते का कोणी? गवत कापून राह्यला का? फणी उभी धर. फणीच्या बाहेर आले तेवढेच केस काप. खालून वर जाय. वर. घाई नोको करू."

"असं का काका?"

"हां, असं. आता कान वाकव. बोटानं. हळू, बाप्पा, तो पोराचा कान हाये."

बोलता बोलता उकंडाचा डावा हात वर गेला होता आणि दोन बोटांनी हवेतच एक कान वाकवून धरला होता. कांताबाई पदर तोंडाला लावून हसली. "तुमी इथूनच हात लावून राह्यले का त्याले?"

"तू चूप राय. मांगून वाकडी होऊन राह्यली."

मागून थोडी वाकडी झालीच. पण समोरून पोरगा कसा साहेबासारखा दिसत होता. कांताबाईनं दोन्ही हातांची बोटं कानशिलावर कडाकडा मोडली.

"पह्यला पगार झाला का त्या खुर्चीत बसून येतो बाबा," राजदीप म्हणाला. "व्हिडिओ लावतो तुमाले."

"लाव. अन् चांगला टेकून बसजो. अंग चोरून बसू नोको."

"हो."

सुनीलनं त्याच्या गळ्यातला टॉवेल काढला आणि झटकायला खिडकीकडे गेला. मागची बाजू नीट दिसावी म्हणून राजदीप मोबाइलकडे पाठ करून बसला. मानेवर बारीक बारीक केस चिकटले होते. उकंडा ते बघत राहिला. मग त्याला राहवेना. त्यानं मोबाइल ओठांशी नेला आणि जोरात फुंकर मारली.

आवाज तिकडे पोचला. पाठमोऱ्या राजदीपनं मान आणखी खाली वाकवली, आणि सुनील टॉवेल घेऊन परत आला तरी ती तशीच वाकवून ठेवली.