माहेरी गेलेली म्हैस

म्हैस द्वारकाबाईच्या अंगणात, जुन्या गव्हाणीत तोंड घालून निवांत कडबा खात होती. गळ्यात तुटक्या दाव्याचं टोक लोंबत होतं. पुसेगावच्या शिवारातून तिला शोधत पाच किलोमीटर चालत आलेली गौसिया फाटकातच थांबली. म्हैस सापडली म्हणून जीव भांड्यात पडला, आणि लगेच दुसरी धास्ती लागली. ही बाई आता म्हैस ठेवूनच घेते की काय?

"ये पोरी," द्वारकाबाई म्हणाली. "दार उघडलं तर ही दारात उभी. मी म्हणलं, अगं, सासरी दिली तुला. चवथ्या दिवशी अशी न सांगता माघारी येतं का कोणी?"

बोलणं रागाचं होतं, पण हात म्हशीच्या मानेवरून निघत नव्हता. संधिवातानं तिची बोटं आखडली होती. मुठीत सड धरवेना म्हणून तर तिनं ही म्हैस गौसियाला विकली होती.

गौसिया ओट्यावर टेकली. "मावशी, खरं सांगते. तीन दिवसांत हिनं मला तीन तांबे दूध न्हाई दिलं. अब्बाचं रान माझ्या वाट्याला आलं, तवा माझा भाऊ, नासेरभाई, म्हणला, विकून टाक. मीच म्हणलं, म्हशी पाळते. आज पहिल्यांदा दूध घालते म्हणून डेअरीवर सांगून बसले. आता गाव हसतंय बघा."

"हसू दे गावाला. तू मला सांग, धार काढायला बसतीस कोणत्या अंगाला?"

"डाव्या. मोबाईलात दाखवतात तसं."

द्वारकाबाईला इतकं हसू आलं की तिनं ओट्याच्या लाकडी मेढीचा आधार घेतला. पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "अगं, माझी सासू डावरी. तिनं मला उजव्या अंगाला बसायला शिकवलं. हिच्या आईची धार मी तशीच काढली, हिचीबी तशीच. हिला काय म्हाईत तुझ्या मोबाईलातलं? तिला वाटलं असंल, ही कोण बाई रोज भलतीकडून येऊन राहिली."

तिनं पाटीत भिजवलेली सरकी ओतली आणि बादली गौसियाच्या हातात दिली. गौसियानं कास धुतली, उजव्या अंगाला उकिडवी बसली. हात उलटे पडल्यासारखे वाटत होते. म्हशीनं मान वळवून पाहिलं. मागचा पाय जरासा उचलला. गौसियानं बादली घट्ट धरली.

"ठेव की गं पाय," द्वारकाबाई म्हशीला म्हणाली. म्हशीनं पाय ठेवला.

पहिली धार बादलीच्या बुडावर वाजली. मग दुसरी. मग हाताखाली सड एकदम भरून आले आणि वाजणं हळूहळू बुजत गेलं, कारण बादलीत फेस चढत होता. गौसियानं कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवलं. ती हसत होती, आणि हसताना तिचे खांदे हलत होते.

"मधी थांबू नको," द्वारकाबाई हळूच म्हणाली. "पान्हा सोडलाय तिनं."

बादली काठोकाठ भरली. दूध द्वारकाबाईच्या कॅनमध्ये ओतून झालं, नवं दावंही बांधलं. पण म्हैस हलेना. गौसियानं ओढून पाहिलं, मागून लोटून पाहिलं, सरकीची मूठ पुढं धरली. म्हशीनं सरकी खाल्ली आणि पाय आणखी रोवले.

द्वारकाबाई थोडा वेळ बघत राहिली. मग आत गेली, चपला घातल्या, डोक्यावर पदर घेतला आणि दाराला कुलूप लावून बाहेर आली.

"मावशी, तुमी कशाला तकलीफ घेता?"

"तकलीफ कशाची? चार दिवस झाले, घरात बसून भिंतीकडंच बघून राहिले की मी. आज येते, उद्याबी येते. हिला तुझं घर कळंस्तोवर येते." तिनं दावं हातात घेतलं. "चल गं."

म्हैस निघाली.

हळदीच्या हिरव्यागार रानांमधून रस्ता जात होता. पुढं द्वारकाबाई, मागं म्हैस, तिच्यामागं डोक्यावर कॅन घेतलेली गौसिया. द्वारकाबाई मागं न बघताच सांगत होती: हिला उन्हात बांधू नको, पाणी सावलीतलं पाज, हिच्यासमोर भांडू नको. गौसिया "व्हय, व्हय" म्हणत होती. निम्म्या रस्त्यात द्वारकाबाई थांबली.

"कॅन दे इकडं. दावं तू धर. तिला सवय होऊ दे."

कॅन तिनं डोक्यावर घेतली. गौसियानं दावं धरलं. म्हशीनं एकदा द्वारकाबाईकडं पाहिलं, एकदा गौसियाकडं, आणि चालू लागली.

फाट्यावर धर्मसिंग चहावाला टपरी झाडत होता. काळीभोर, तुळतुळीत म्हैस बघून त्याचा खराटा थांबला.

"कोणाची हो म्हैस?"

"हिची," द्वारकाबाई म्हणाली.

"मावशीची," गौसिया म्हणाली.

दोघी एकाच वेळी बोलल्या आणि एकमेकींकडं बघत तिथंच उभ्या राहिल्या. म्हैस मात्र थांबली नाही. दावं ताणलं गेलं आणि ती गौसियाला ओढत पुसेगावच्या वाटेला लागली.