सिग्नलमधला खड्डा

भिंतींना, माणसांना आपटून वाय-फायचा सिग्नल किती बिघडतो, याचा अंदाज बांधायला मशीनला शिकवण्याचं काम इंजिनिअरबाईंकडे होतं. चार महिने डोकेफोड करून मशीन एकच गोष्ट पक्की शिकलं: धिप्पाड साहेब केबिनमधून लॅबकडे निघाले, की स्क्रीनवरच्या रेषेला खड्डा पडतो. मग काय, खड्डा दिसला की पत्ते ड्रॉवरमध्ये आणि अख्खी लॅब माना खाली घालून कामाला!

पुढे साहेबांनी डाएट केलं. रेषा सरळच राहिली, आणि बाई हुकमाचं पान आपटत असताना साहेब मागे उभे! बाईंनी सगळं कबूल करून टाकलं.

साहेबांनी हळूच दार लावून घेतलं.



"असं एक मशीन माझ्या केबिनमध्येही बसवा. मोठे साहेब डाएट करत नाहीत."